खरखरीच्या मागावर आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतकं नाशिक शहर दुसऱ्या कोणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पाहिलं पुष्कळांनी असेल. घाट, देवळं आणि द्राक्षांचे मळे पाहायला लांबून माणसं येतात, पाहून जातात. पण गंगापूर रोडवरच्या कुठल्या बंगल्यातला फ्रिज धापा टाकतो, कुठल्या सोसायटीच्या जिन्यातला दिवा आतल्या आत चुरचुरतो, आणि कोणाच्या फोनचा चार्जर मालकाला पत्ता लागू न देता हवेत शिमगा करतो, हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस या शहरात एकच आहे आणि तो माझ्या लेकीचा सासरा आहे. मुलीचा बाप म्हणून मी त्यांच्यापुढे तसाही जरा वाकूनच असतो. पण ते नातं नसतं तरी या माणसाच्या कानांपुढे मी हात जोडलेच असते.

व्याह्यांना हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारी परवाना काढून घरात एक यंत्र ठेवायचं, गच्चीवर तार ताणायची, आणि असाच नाद असलेल्या लांबलांबच्या माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या. सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हापासूनचं हे वेड आहे आणि निवृत्तीनंतर त्याला धरबंद उरलेला नाही. या वेडाला शत्रू एकच, खरखर. हल्ली घराघरात दिव्यांच्या माळांपासून स्वस्तातल्या चार्जरपर्यंत ज्या वस्तू येऊन बसल्या आहेत, त्यातल्या निम्म्या वीज खाताना तोंडाचा आवाज करतात असं व्याह्यांचं म्हणणं आहे. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, रेडिओला येतो. पंगतीत एखादा मचमच करत जेवत असला तर आपण दुसरीकडे बघतो. व्याही उठून थेट त्याच्या पानापाशी जाऊन उभे राहतात.

हे मला कळलं ते लग्नाच्या बैठकीच्या दिवशीच. मुलाकडची मंडळी इंदिरानगरला आमच्या घरी आली होती. मानपान, देणंघेणं, कार्यालय अशा नाजूक विषयांना तोंड फुटणार, तेवढ्यात व्याह्यांनी खिशातून तळहाताएवढा रेडिओ काढून टीपॉयवर ठेवला आणि दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावला. खर्र असा आवाज सुरू झाला. व्याह्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, काही मंत्र वगैरे म्हणताहेत. मग ते उठले, रेडिओ कानाशी धरून आमच्या बैठकीतून सरळ स्वयंपाकघरात गेले, पहिल्याच भेटीत, आणि देवघरापुढे उभे राहिले. देवापुढे आमच्या हिने हौसेने आणलेला विजेचा अखंड दिवा होता, प्लास्टिकची ज्योत लुकलुकणारा. व्याह्यांनी त्याची पिन उपटली. खरखर थांबली, आणि माझ्या बायकोचा श्वासही. लग्नाच्या बोलणीच्या दिवशी मुलाच्या बापाने देवापुढचा दिवा विझवला! माझी तर पाचावर धारण बसली. व्याही मात्र शांतपणे म्हणाले, "वहिनी, तेल-वात आहे का घरात?" आणि त्यांनी स्वतः निरांजन लावलं, नमस्कार केला, बाहेर येऊन पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाले, "आता बोलू. मघाशी त्या दिव्यापायी मला काही सुचत नव्हतं." आतल्या खोलीत आमची लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. लग्न तिथेच ठरलं असं मी मानतो.

त्यांच्या या शोधमोहिमेचं एक आयुध आहे. तांब्याची नळी वाकवून केलेली हातभर व्यासाची कडी, जुन्या बॅडमिंटन रॅकेटच्या मुठीवर बसवलेली, आणि तिच्यातून निघालेली वायर गळ्यातल्या रेडिओला. कडी हवेत धरून ते सावकाश गोल फिरतात. एका ठिकाणी खरखर एकदम मरते. "मरते त्या रेषेत चोर असतो," असं ते सांगतात. मग दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन दुसरी रेषा काढायची, दोन रेषा जिथे भेटतील ते घर गाठायचं. वाचताना सोपं वाटतं. मी एकदा ती कडी हातात घेऊन फिरलो तेव्हा दोन रेषा भेटल्या त्या भररस्त्यात, एका गाईच्या पोटात. व्याही मात्र कॉलनीच्या फाटकात उभे राहून सांगतात, "तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत, माशांची टाकी असणार." आणि वर टाकी असते. मासे ऐटीत फिरत असतात आणि त्यांचा हीटर खरखरत असतो. मी तोंडात बोट घालतो. मालकही घालतो, कारण टाकी घेतल्याचं त्याने शेजाऱ्यांनाही सांगितलेलं नसतं.

दार उघडल्यावरचं त्यांचं वागणं तर शिकण्यासारखं आहे. कोणालाही ते दोष देत नाहीत. "तुमच्याकडे एक आजारी वस्तू आहे," एवढंच म्हणतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दल बोलावं तशा आवाजात. मग तपासणी होते. चार्जर हातात घेऊन, उलटासुलटा करून, कडीजवळ नेऊन ते निदान सांगतात आणि पिशवीतून स्वतःच्या पदरचा चांगला चार्जर काढून देतात, किंवा वायरीवर एक काळं कडं चढवून जातात. ते कडं चढवलं की आवाज वायरीतून बाहेर पडत नाही म्हणतात. या कड्यांवर त्यांचा इतका जीव की आमच्या लेकीच्या लग्नात मुलाकडून आलेल्या आहेराच्या ताटात शालू, खण, नारळ आणि चांदीच्या वाटीत सहा काळी कडी होती. आमच्या एका आत्याबाईंनी ती सौभाग्याची काही नवी पद्धत समजून हळदीकुंकू लावून पुजली.

वीज कंपनीतला, त्यांच्या कॉलनीपासून दिंडोरी रस्त्यापर्यंतचा वायरमन त्यांना गुरू मानतो. यात मला नवल वाटत नाही, कारण मी एकदा त्यांच्याबरोबर दिंडोरीकडे एका लग्नाला गेलो आहे. गाडीतला रेडिओ त्यांनी अर्थातच खरखरीवर लावलेला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छान हवा, मी आपला डुलक्या घेतोय, तेवढ्यात त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. उतरले, कडी फिरवली, एका खांबाखाली जाऊन वर बघितलं आणि म्हणाले, "वरचा चिनीमातीचा कप तडकलाय. चार दिवसांत इथली लाइट जाणार." लग्नाचा मुहूर्त टळत होता. नवरीचा मामा फोनवर फोन करत होता. पण व्याह्यांनी तिथूनच वायरमनला कळवलं, खांबाचा नंबर सांगितला आणि मगच गाडीत बसले. चार दिवसांच्या आत तिकडची लाइट गेली. त्याच खांबावरून गेली. वायरमन पेढे घेऊन घरी आला तेव्हा व्याही त्यालाच रागावले, "अरे, मी सांगितल्यावर बदलायचा ना कप! पेढे कसले आणतोस?"

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. जगभर बोलता येण्यासाठी असेल असं मला वाटलं. पण जगाशी ते हल्ली फारसं बोलत नाहीत. रोज सकाळी सव्वासातला ते एकाच माणसाशी बोलतात. दापोलीकडे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याशी. दोघांच्या गप्पांना पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, आणि दोघांनी एकमेकांना एकदाही पाहिलेलं नाही. फोटोसुद्धा नाही. एकमेकांचा फोन नंबर आहे, पण फोन करायचा नाही असा करार आहे. "फोनवर काय, कोणीही बोलतं," व्याही म्हणतात. "वाऱ्यातून, ढगातून, सह्याद्रीवरून माणसाचा आवाज आपल्या खोलीत येतो. तो आपण आपल्या कानांनी वेचून घ्यायचा. ज्या दिवशी फोन केला त्या दिवशी संपलं." मास्तर आता मुलाने बांधून दिलेल्या छोट्या घरात लहानशा तारेवरून बोलतात, त्यामुळे त्यांचा आवाज फार बारीक येतो. पलीकडच्या काठावरून कोणी हाक मारावी इतका बारीक. व्याह्यांच्या कॉलनीत एक चार्जर जरी आजारी पडला तरी मास्तर बुडतात. म्हणून तर ही सारी रखवाली.

आणि दसऱ्याच्या सुमाराला मास्तर बुडाले. रोज सकाळी सहाच्या आसपास एक दणदणीत खरखर सुरू व्हायची ती नऊपर्यंत हलायची नाही. असली खरखर व्याह्यांनी जन्मात ऐकली नव्हती. आधी त्यांनी रीतीप्रमाणे स्वतःच्या घरचा मेन स्विच बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. आवाज तसाच. म्हणजे चोर बाहेरचा. कडी घेऊन निघाले. रेषा काढल्या. रेषा गेल्या कॉलनीच्या मागे, जिथे अजून थोडे मळे उरले आहेत, झेंडूचे, शेवंतीचे, पालेभाजीचे. व्याही त्या दिशेने चालू लागले, मळ्याचं कुंपण दिसू लागलं, आणि खरखर थांबली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने गेले, तरी तेच. हे घरी परत येऊन खुर्चीत टेकले की ती पुन्हा सुरू! "ती मला ओळखते," व्याही मला म्हणाले. माणूस खचला होता. त्या दिवसांत त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि नातवंडाला मांडीवर घेतलं तरी ते त्याच्या डोक्यावरून त्या मळ्याच्या दिशेने बघत बसायचे.

माझ्या विहीणबाई सहसा नवऱ्याच्या भानगडीत पडत नाहीत. पण एक दिवस त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "तुम्ही तरी दोन शब्द सांगा हो यांना. रोज त्या मास्तरांशी खोटं बोलताहेत." मला काही कळेना. मग कळलं ते असं. खरखर आपल्या बाजूची, त्यामुळे यांचं बोलणं मास्तरांना स्वच्छ ऐकू जायचं. मास्तरांचं मात्र यांना काही कळायचं नाही. खरखरीखाली नुसती कुजबुज यायची. कुजबुज थांबली की आपली पाळी, एवढं समजायचं. आणि व्याही खुशाल अंदाजाने उत्तरं देत होते. "वा, वा! उत्तम. इकडेही तसंच. थंडी पडू लागलीय. द्राक्षांना बरी. वहिनींना नमस्कार सांगा." रोज. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, अहो, सरळ सांगून टाका ना, ऐकू येत नाही म्हणून. व्याह्यांनी गळ्यातला रेडिओ काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नाशिकभरच्या लोकांच्या घरातली खरखर मी काढतो, हे मास्तर चार लोकांना कौतुकाने सांगतात. त्यांना कसं सांगू, की मी माझ्याच खोलीत बहिरा झालोय?" इतक्या मोठ्या कानांच्या माणसाची ती लहान मुलासारखी लाज बघून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

तेव्हा ही कामगिरी मी अंगावर घेतली. ती मला ओळखते म्हणता ना, मग मी जातो. कडी नाही, काही नाही. कापडी पिशवीत रेडिओ, एका कानात इअरफोन, आणि अंगात बाजारहाटाला निघालेल्या माणसाची चाल. सकाळी मळ्याच्या वाटेने निघालो. कुंपण दिसलं, तरी खरखर चालू. फाटकातून आत गेलो, चालू. विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडपाशी पोचलो तेव्हा इअरफोन कानात ठेवणं अशक्य झालं. वर बघितलं. शेडवरून विजेची तार गेली होती आणि तिच्यावर दोन वायरींचे आकडे टाकलेले. आकडा वाऱ्याने हलला की निळसर ठिणगी उडत होती. खाली मोटर पाणी ओढत होती, आणि झेंडूच्या वाफ्यात कमरेला पदर खोचून एक बाई उभ्या होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणतात हे मला नंतर कळलं.

"गाणी ऐकता का काका?" मावशींनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि अर्धा किलो झेंडू मागितला. फुलं तोलता तोलता मी सहज म्हटलं, आकडा सैल दिसतो.

मावशींनी एकदा वर, एकदा माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लाइटवाले नाय ना? मग सांगते. मीटरचा अर्ज देऊन ठेवलाय, येतो येतो म्हणत्यात. फुलं थांबत्यात का तोवर? लय भीती वाटते. त्यात ते कडीवाले साहेब. रोज येत्यात तपासायला. लांबून ती कडी चमकली का मी बांबूनं आकडा काढते. साहेब येत्यात, कुंपणापाशी उभं ऱ्हात्यात, कडी फिरवत्यात, मान हलवत्यात आन् जात्यात. पण माणूस देवासारखा हे. इतके दिवस झाले, केस नाय केली."

मग त्यांनी शेडमधून ओल्या फडक्याखाली झाकलेली फुलांची एक टोपली दाखवली. कडीवाल्या साहेबांसाठी ती रोज भरून ठेवलेली असायची. साहेब एकदाही आत आले नाहीत म्हणून रोज संध्याकाळी ती दत्ताच्या देवळात जायची.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला वाटलं व्याहीही हसतील, किंवा तडक वीज कंपनीला फोन करतील. वायरमन शिष्यच. एका फोनचं काम होतं. व्याही हसले नाहीत. "ठिणगी उडते म्हणालात?" त्यांनी विचारलं. "ओल्या वाफ्यात उभं राहून बांबूने आकडा काढतात? माझ्यामुळे?" आणि चपला घालून तसेच निघाले. मी मागोमाग. त्यांच्या हातात कडी नाही हे पाहून मावशींनी आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा त्या बांबूकडे धावल्या, आणि व्याही आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडले, "हात लावू नका त्याला!"

त्यांनी मला घरी पिटाळून रबरी हातमोजे मागवले आणि लाकडी स्टुलावर उभं राहून स्वतः आकडे उतरवले. मग वाफ्याच्या बांधावर बसून मावशींना सगळं सांगितलं. आपण लाइटवाले नाही. आपला दापोलीला एक मित्र आहे. या आकड्यामुळे त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फोन करा की."

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "माझी बहीण पिंपळगावला दिलीय. फोनवर तिचंबी खरं कळत नाय मला. पण मळ्याला पाणी कुठून घालू?"

पाणी व्याह्यांच्या बोरमधून आलं. त्यांच्या मागच्या कुंपणावरून एक लांब काळा पाइप मळ्यात सोडला गेला, आणि मीटर लागेपर्यंत मावशींच्या झेंडूने आमच्या व्याह्यांच्या घरचं पाणी प्यायलं. सव्वासात ते पावणेआठ बोरची मोटर बंद, एवढी एकच अट. दुसऱ्याच दिवसापासून ते मावशींना घेऊन वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन बसू लागले. तिथे काम होईपर्यंत ते खिशातला रेडिओ काढून साहेबांच्या टेबलाखालचे दोष सांगत बसायचे. मीटर लवकर लागण्याचं तेही एक कारण असावं.

खरखर गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मला खास बोलावणं होतं. छडा लावणारा मी, म्हणून मान माझा. मी इंदिरानगरहून स्वेटर, कानटोपी घालून पोचलो. व्याह्यांच्या खोलीत यंत्र मंद उजळलेलं, आणि हवा इतकी स्वच्छ की नुसती वाऱ्यासारखी सुं ऐकू येत होती. व्याह्यांनी आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. विहीणबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. सव्वासात झाले. व्याह्यांनी बोलायचं बटण दाबून हाक घातली, ऐकण्यासाठी ते सोडलं, आणि फार लांबून, फार बारीक, पण अक्षर न् अक्षर सुटं असा एक म्हातारा आवाज खोलीत आला. मास्तर म्हणाले, नमस्कार, इकडे धुकं आहे, आंब्याला मोहोर धरतोय. व्याह्यांचे डोळे भरून आले होते. ते नुसते ऐकत राहिले. बटण दाबायचंही विसरले.

"आज तुम्हाला ऐकू येतंय," मास्तर म्हणाले.

व्याही गडबडले. "म्हणजे काय, मास्तर? रोजच येतं."

"नाही. रोज माझा शब्द संपतो न संपतो तोच तुमचं वा-वा यायचं. आज तुम्ही थांबलात. आज ऐकलंत." मग थोडी सुं. "तर मग आता सांगतो. तसं सांगून झालंय, पण ते तुमच्यापर्यंत आलेलं नाही. ही गेली. दिवाळीच्या आधी गेली."

विहीणबाईंनी चहा टेबलावर ठेवून दिला. व्याह्यांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "मास्तर, त्या दिवशी मी काय म्हणालो?"

"म्हणालात, वा, उत्तम. वहिनींना नमस्कार सांगा."

व्याह्यांनी कपाळावर मूठ टेकवली. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं, पण खुर्ची वाजेल म्हणून हलवेना. मास्तर पुढे बोलत होते, शाळेत धडा समजावावा तसे सावकाश. "आधी वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? मग लक्षात आलं, यांना ऐकूच येत नाहीये. करार मोडून फोन करणार होतो. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा म्हणालात, वहिनींना नमस्कार. तिसऱ्या दिवशी पुन्हा. इथे घरात जो येतो तो आवाज उतरवून बोलतो. तिचं नाव कोणी काढत नाही. सकाळी सव्वासातला तेवढा एक माणूस होता, ज्याच्या लेखी ती स्वयंपाकघरातच होती. म्हटलं, असू दे आणखी थोडे दिवस. म्हणून मीही पुन्हा सांगितलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

एवढे दिवस अंदाजाने धडाधड बोलणाऱ्या माणसाला सगळं स्वच्छ ऐकू आल्यावर शब्द सापडेनात. शेवटी म्हणाले, "उद्या सव्वासात, मास्तर. आणि..." एवढ्यावर त्यांनी बटण सोडलं.

"सांगतो तिला," मास्तर म्हणाले.

बोलणं संपलं होतं. पण मास्तरांचा अंगठा बटणावरून निघाला नसावा, कारण त्यांची खोली आम्हाला ऐकू येत राहिली. पंख्याची घरघर नाही, माणसाची चाहूल नाही, लांब कुठेतरी एक कावळा. व्याही पुढे वाकून ते ऐकत होते. खांबावरचा तडकलेला कप ऐकताना त्यांचा चेहरा असायचा, तसाच तो आताही होता, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्यात काहीही ऐकू येत नव्हतं. मग पलीकडचं बटण सुटलं आणि नुसती हवा उरली.

"पूर्वी मास्तरांच्या मागे भांडी वाजायची," व्याही म्हणाले. "सकाळची कामं चाललेली असायची वहिनींची. ती वाजायची थांबली, हे मला इतके दिवस कळलं नाही."

विहीणबाईंनी गार झालेला चहा उचलला, पुन्हा गरम करायला आत नेला आणि तशाच पोळ्यांना लागल्या. परातीचा, उलथन्याचा, डब्याच्या झाकणाचा आवाज येऊ लागला. यंत्र चालू असलं की एरवी व्याही खोलीचं दार आठवणीने लावून घेतात. त्या दिवशी ते उठले, दारापर्यंत गेले, आणि दार आणखी थोडं उघडून परत येऊन बसले.